डब्याचा मुहूर्त

...अन् तो डबा काहून चालून नाही राहिला, हे कोनाले समजंन तं शपथ. तुमाले सांगतो, चार दिवस प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत दुसरी गोष्टच नाही. सकाळी बटन दाबलं का डबा गुरगुरते, खाकरते, अन् काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरात एकच उत्तर देते, बॅड कमांड ऑर फाइल नेम.

डबा कोनाचा? आमच्या शेजारच्या बाबारावचा, टायपिंग क्लासवाल्याचा. वीस वर्षं ज्यानं अख्ख्या मोहल्ल्याले ए एस डी एफ शिकवलं, तो मानूस अठ्ठ्याऐंशी सालात आठ टाइपरायटर विकून एक कम्प्युटर घेऊन आला. त्याचे खापा गावचे सासरे भैय्याजी तोंडावर म्हनाले, "जवाईबापू, आठ दुभत्या म्हशी विकून एक वळू आनला तुमी." रविवारी मुहूर्त. बाबारावनं पत्रकं वाटली होती, 'स्वतःची तपासणी स्वतः करणारे यंत्र, प्रत्यक्ष पाहा'. पोट्ट्यायचे मायबाप येनार, पाहनार, पटलं तं नाव घालनार. नाही पटलं तं क्लासले कुलूप, कारन टाइपरायटर तं गेले ना बाप्पा...

मेकॅनिक ओमप्रकाश बुधवारी म्हने, "सर, एक फाइल बना दो, उसमें बस चेकडिस्क लिख दो. मशीन चालू होते ही अपनी डिस्क खुद जाँचेगा." चिठ्ठीवर सहा अक्षरं लिहून देल्ली, सी एच के डी एस के, अन् गेला जबलपूरले. फाइल टाइप केली सुमतीबाईनं. क्लासची बारा वर्षांपासूनची मास्तरीन, चालता पंखा पाहा अन् तिची बोटं पाहा. गुरुवारी सकाळी सारे चपला बाहेर काढून हात जोडून उभे, तं डबा काय म्हने? बॅड कमांड ऑर फाइल नेम.

बाबारावची बायको रुख्मिणीवहिनी म्हने, "कमांड बॅड म्हंजे? तुमी त्याले रागानं बोलले असान." मंग बाबाराव एका बोटानं, गोडीनं बटन दाबून राहिला. कूलर लावला, प्लग बदलला, वहिनीनं नारळ ओवाळला. अन् गंमत पाहा, हातानं चेकडिस्क टाइप केलं का डबा सुरसुर सारं तपासते. फक्त सुरू होताना आपल्या मनानं कर म्हनलं का... तेच.

शुक्रवारी माह्या दुकानातून जबलपूरले ट्रंककॉल लावला. तिकून ओमप्रकाश वरडून राहिला, "फाइल में क्या लिखा है, एक-एक अक्षर पढ़ो." बाबारावनं पडद्यावरून कागदावर उतरवून आनलं होतं. "सी. एच. के. डी. एस. के." तिकून म्हने, "सही तो है." हा म्हने, "सहीच तं आहे." तीन मिनिटं झाली, फोन कटला. शनिवारी बाबाराव जेवला नाही. डब्यासमोर बसून त्याच्याकडेच पाहून राहिला. मले लय वाईट वाटलं, खरं सांगतो.

रविवार. चाळीस मानसं, पेढे, पहिल्या खुर्चीवर भैय्याजी. ओमप्रकाश बसवरून थेट थैली घेऊन हजर. बटन दाबलं. गुरगुर, खाकर... बॅड कमांड ऑर फाइल नेम. ओमप्रकाशनं पडदा वाचला अन् डोकं खाजवलं. बाबारावनं शंभराव्यांदा वाचला. भैय्याजीनं चष्मा लावला. त्याइले विंग्रजी येत नाही, म्हनून ते एकेक अक्षर बोटानं वाचतात. "एस... एच... आर... ई... ई... श्री. मंग ते चेक का काय. वा जवाईबापू, श्रीपासून सुरुवात केली, हे बरं केलं."

ओमप्रकाशनं थैली खाली टाकली अन् तेच ओळ पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचली.

आता तुमीच सांगा, कागदावरचं श्री कोनी वाचते काय? ते तं असतेच. चार दिवस सारे पाहून राहिले, पन दिसलं कोनाले? सुमतीबाई म्हने, "सर, कोऱ्या कागदावर आधी श्री नको काय? लिहिलं, अन् सवयीनं ओळ बदलाले डाव्या हातानं टाइपरायटरची दांडी सरकवाले गेली, तं दांडीच नाही. मंग पुढंच लिहिलं."

ओमप्रकाश म्हने, "हटा दो." कोन पुसनार? मुहूर्ताच्या दिवशी? सुमतीबाईनं हात मागं बांधले. "अच्छा, अलग लाइन में रखो." ठेवलं. तं डब्यानं चाळीस मानसाइसमोर साक्षात श्रीले म्हनलं, बॅड कमांड ऑर फाइल नेम, अन् मंग खुशाल डिस्क तपासली. भैय्याजी चपला पाहाले उठले. ओमप्रकाश घामाघूम. "तो फिर चेकडिस्क का ही नाम श्री रख देता हूँ, बाबा." ठेवलं. फाइलीत फक्त श्री. बटन दाबलं, अन् डबा असा शहान्यासारखा आकडे मांडून राहिला का भैय्याजीनं पेढा पहिले डब्याले दाखवला, मंग जवायाले भरवला. त्याच दिवशी बत्तीस पोट्ट्यायनं नावं घातली.

चांगलं झालं ना? झालं. पन पहिल्या बॅचची प्रेमिला नोकरीच्या परीक्षेले पुन्याले गेली. साहेब म्हने, "डिस्क तपासून दाखवा." तिनं ऐटीत टाइप केलं, श्री. तिथला डबा म्हने, बॅड कमांड ऑर फाइल नेम. पोरगी रडत वापस आली. बाबारावनं सारं आयकलं, चष्मा पुसला अन् म्हने, "जाऊ दे वं पोरी. त्याइनं मुहूर्तच नसंन केला."