भोजलीचं नाव घेत नसतेत

मी मूळची गोंदियाकडची. लग्न होऊन भिलाईले आली तवा प्लांटच्या चिमणीचा धूर पाहून मले वाटलं का कुठीतरी आग लागली, मी ह्याईले म्हटलं, पळा ना हो, अन् हे हसून हसून बेजार. तवापासून इथीच आहो, रुआबांध्यात. हे फिटर होते, पोरगाही प्लांटातच लागला, सून घरात हिंदी बोलते, नात तर मले दादीच म्हणते, आता काय सांगू तुमाले. तुमी गाण्याच्या शाळेचं विचारून राहिले ना, तेच सांगते.

शाळा जिनं काढली तिचं नाव काय म्हणता? ते मी नाही सांगत. दुसऱ्या कोणाले विचारा. ती माही भोजली आहे, अन् भोजलीचं नाव तोंडानं घेत नसतेत. म्हणजे असं का, इकडं श्रावणात बाया टोपलीत गहू पेरतेत, अंधारात ठेवतेत, अन् राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे पिवळे कोंब तळ्यावर नेऊन पाण्यात शिरवतेत. थोडे मागं ठेवायचे. ज्या बाईशी जीव जुळला तिच्या कानामागं आपण खोचायचे, तिनं आपल्या कानामागं. झालं, जन्माचं नातं, सख्ख्याच्या वर. मंग नाव बंद. सीताराम भोजली, एवढंच म्हणायचं. तिची लेकरंही मले फूलदाई म्हणतेत, म्हणजे दुसरी मायच.

हे गेले तवा मी बोलणंच सोडलं होतं. भितीकडं पाहत बसायची, सुनेनं ताट ठेवलं तर जेवायची, नाही तर नाही. गल्लीच्या टोकाले कडुनिंबाखाली ही बाई लेकराईले गाणं शिकवे, फुकट. नवरा जामूलच्या सिमेंट कारखान्यात, अन् ही हातात तंबुरा घेऊन पांडवाईची पंडवानी गाये, देवीचं जसगीत गाये, आवाज असा का रस्त्यावरचा स्कूटरवाला थांबून जाये. एक दिवस मले म्हणे, बइठ बहिनी, चाहा पी ले. मी बसली. म्हणे, तुमच्या गावचं काही म्हण. मी म्हटलं, मले नाही येत. तर म्हणे, धान लावताना तुमच्या बाया मुक्यानंच लावत होत्या काय? अन् मले मायचं रोवणीचं गाणं आठवलं बापा. घसा गंजून गेला होता, तरी म्हटलं, अन् म्हणता म्हणता रडली, मनसोक्त रडली. त्याच श्रावणात आमी भोजली झालो.

पावसात झाडाखाली कसं शिकवणार, म्हणून मीच आमच्या मराठी मंडळाचा हॉल तिले मागून दिला. हॉल कायचा, टिनाचा शेड, गणपती अन् हळदीकुंकू सोडलं तर वर्षभर कबुतराईचा. पण लोक कसे आले पाहा, टेन्टवाल्यानं खाली आंथरायले दऱ्या देल्ल्या, कोणी पंखा आणला, फर्स्ट शिफ्ट सुटली का इलेक्ट्रिकचे पोट्टे येऊन वायरिंग करून गेले. शनिवारी कार्यक्रम, तिकीट नाही, चहा माह्याकडं. सेकंड शिफ्टवाले बायकाईले विचारत, आज काय गायलं, अन् हळहळत. आमची मराठी लेकरं छत्तीसगढी गात होती अन् इकडच्या लोकाईची लेकरं माह्यापाशी रोवणीचं गाणं शिकत होती.

मंग मंडळात नवे सेक्रेटरी आले, वैरागडे साहेब. माणूस वाईट नाही, पण नियमाचा लय शौकीन. मीटिंगमध्ये म्हणे, हॉल सभासदाईसाठी अन् त्याईच्या नातलगाईसाठी आहे, बाहेरच्याईसाठी नाही, राखी झाली का कुलूप लावतो. मी उठली. म्हटलं, कावून? ती माही भोजली आहे, नातलगच झाली. तर म्हणे, काकू, तुमची एकटीची भोजली, बाकीच्या कोण लागतेत? लोक हसले. मले लय राग आला अन् घरी आल्यावर रडूही आलं, कारण भोजली म्हणे, राहू दे, हमन गांव चल देबो, आमी गावाले निघून जातो. ती गेली असती तर मी पुन्हा त्याच भितीकडं पाहत बसली असती, दुसरं काय.

पण वैरागडे साहेबांचाच शब्द मले उपयोगी पडला. बाकीच्या कोण लागतेत? थांब, दाखवते म्हटलं. नागपंचमीले मी घरोघर गेली, मराठी बायाईले म्हटलं, गहू पेरा. कोणी कोणासंगं, ते तुमी ठरवा. शाळेत गाणाऱ्या, झांजा वाजवणाऱ्या, लेकराईले सोडायले येणाऱ्या इकडच्या बाया काय कमी होत्या? अन् जबरदस्ती नव्हती बरं का, जिचा जीव जुळला तिचाच. राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर अशी गर्दी का काय सांगू तुमाले. आमची नऊवारीवाली इकडच्या लुगडंवालीच्या कानामागं कोंब खोचून राहिली, दोघी लाजून राहिल्या, नव्या नवरीवाणी.

शनिवारी वैरागडे साहेब कुलूप घेऊन हॉलच्या दारात उभे. आमी आत निघालो जोडीजोडीनं. ही कोण? माही भोजली. अन् ही? माही भोजली. असं करता करता शेवटी त्याईचीच बायको आली, झांजावालीचा हात धरून, कानामागं वाळलेला कोंब तसाच. साहेबांनी पाहिलं. बायको म्हणे, कायले उभे आहा, सरका ना, नातलग आले. तो माणूस सरकला बापा. अन् कुलूप खिशात घालून मंग स्वतःच दरी झटकाले लागला.

आता शाळा चालू आहे, टिन गळते, पंखा कुरकुरते, हिवाळ्यात लोक घरून चादरी घेऊन येतेत. माहे गुडघे गेले, पण शनिवारचा चहा मीच करते. भोजलीलेही दमा झाला, थंडीत लय खोकलते, तवा मी देवापुढं दिवा लावून तिच्यासाठी मागते. पण नाव तर घेता येत नाही. म्हणते, बापा, माह्या भोजलीले औक्ष दे. अन् मंग इचार येते, देवाले कसं समजन कोणती भोजली? आता तर अर्ध्या गल्लीतल्या बाया भोजल्या आहेत. जाऊ द्या. सगळ्याईलेच दे म्हणते.