दिनूचा पालथा फोन

संशय काय असतो ते मला विचारा. कुवेतला शुऐबा भागातल्या प्लँटमध्ये मी आणि दिनू वेल्डर, राहायलाही एकाच खोलीत. मी आत आलो की हा पटकन फोन पालथा घालायचा. मला वाटलं, फोरमनकडे माझ्या चहाड्या करतोय.

एका शुक्रवारी फोन हिसकावलाच. बघतो तर हिंदीत डब केलेली कोरियन मालिका! दोन तरुण हातात हात घालून आईसमोर उभे, आणि आई म्हणते, "बसा दोघंही जेवायला."

मी विचारलं, "दोस्त आहेत काय रे?"

"दोस्त नाहीत," दिनू म्हणाला. मग खाली बघत, "माझी आई असं म्हणेल?"

मी उठून कडी लावली.

आता दार वाजलं की फोन मीच पालथा घालतो.