दार नसलेला मेंढवाडा

नाही, कुत्र्याचा दोर सोडायचा नाही. दोर माझ्याच हातात राहील — बसा त्या भिंतीवर, दगड ओले आहेत पण बसा — एल्विन येईपर्यंत तुम्ही कुठं जायचं नाही. एल्विन म्हणजे हावोडचा एल्विन, ते समोरच्या उतारावर पांढरं घर दिसतंय ना, ते त्याचं. मेंढ्या त्याच्या मेल्यात. माझ्या नाहीत. माझ्या असत्या तर दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं तुम्हाला — नाही, सोडलं नसतं, पण ते जाऊ द्या. फोन केलाय मी त्याला. बंदूक घेऊनच ये म्हटलं. असे डोळे मोठे करू नका. गाभण मेंढ्यांच्या मागं लागलेल्या कुत्र्याला इथं दुसरी शिक्षा नसते, कायदा काय म्हणतो ते मला सांगू नका. काय नाव म्हणालात त्याचं? बिस्किट? काय बाई एकेक! कुत्र्याला बिस्किट म्हणायचं, मग बिस्किटाला काय म्हणता तुम्ही, कुत्रं?

कापताय तुम्ही. तो कोट घ्या, दारामागं लटकलाय तो — हो, तोच, पुरुषाचा. इड्वलचा आहे. माझा नवरा. घ्या हो, त्याला आता लागत नाही, गेला तो, पानगळीत. भलं माणूस होतं, पण हट्टी. डॉक्टरकडं जा, जा, म्हणून मी घसा कोरडा केला — मेंढ्या खाली आल्या की जातो, म्हणायचा. मेंढ्या खाली आल्या, आणि हा — ते काय मी तुम्हाला सांगत बसलेय. कुत्र्याचं बोलू. तुम्ही शेवाळ बघायला आलात म्हणे! शेवाळ! एवढ्या लांब, खालच्या गावात खोली घेऊन, एप्रिलच्या असल्या बर्फात — आमच्या रानात काय, दगडाला शेवाळ, झाडाला शेवाळ, वर्षभर उभं राहिलात तर तुमच्या अंगाला येईल. ही ओकची झाडं बघा, एक तरी सरळ आहे का? वाऱ्यानं पार कंबरेतून वाकवलीयत. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणीही म्हणे अशीच होती, एवढीच. नवीन झाड उगवतच नव्हतं ना इथं. कोंब वर आला की मेंढीच्या तोंडात. या वर्षी मात्र आलेत, तुम्हीही बघितले असतील, घोट्याएवढे कोंब, कुठं कुठं. आता रानात उतरून खायलाच कोणी नाही. विकल्या ना मी मेंढ्या. इड्वल गेल्यावर सगळ्या विकल्या.

हो, सगळ्या. काय करणार होते मी एकटी? लोक म्हणाले, चूक केलीस ओल्वेन. एल्विन तर तोंडावर म्हणाला. कारण वर डोंगरावर कुंपण नाही, भिंत नाही, काही नाही — कुठवर आपलं आणि कुठून दुसऱ्याचं हे मेंढीला ठाऊक असतं, तिच्या आईनं तिला हिंडवून दाखवलेलं असतं, तिच्या आईला तिच्या आईनं. एकदा ती मेंढरं गेली की गेली, नव्या आणून सोडल्या तर त्या कुठंही भरकटतात. आणि आमची जागा रिकामी झाली, तर काय होणार? एल्विनच्या मेंढ्या सरकल्या इकडं. रिकामी जागा कळते त्यांना. मी हाकलल्या नाहीत. खरं सांगू, बरं वाटायचं — खिडकीतून वर बघितलं की पांढरे ठिपके दिसायचे. आपले नसले म्हणून काय झालं.

त्याच मेल्यात. त्याच. रानाच्या वरच्या अंगाला जुना मेंढवाडा आहे, दगडांचा, तीन बाजूंनी भिंत आणि पुढं नुसतं खिंडार, दार कधी नव्हतंच. सकाळी उजाडल्यावर गेले मी. ओढा ओलांडला, वर चढले, आणि आधी ते शांतच वाटलं — मग दिसल्या. भिंतीच्या कोपऱ्यात एकीवर एक. गुदमरून मेल्यात. भिऊन अशा रेटतात त्या कोपऱ्यात, खालचीचा जीव जाईपर्यंत रेटतात. पोटात पिल्लं, आठवड्याभरात व्यायच्या होत्या! उरलेल्या उभ्याच आहेत अजून तिथं, एकीला एक चिकटून, जागच्या हलत नाहीत. आणि मी खाली उतरते तर वाटेवर कोण? तुम्ही, आणि हे तुमचं बिस्किट, मोकळं, जीभ बाहेर, तोंडाला लोकर. मग? दुसरं काय समजायचं माणसानं?

बांधलेलं होतं म्हणता रात्रभर. खोलीत. पलंगाच्या पायाला. म्हणणारच तुम्ही! ज्याला त्याला आपला कुत्रा देवमाणूसच वाटतो. चावल्याची खूण? — नाही, चावल्याची नाही. मी कुठं म्हटलं चावला? पळवून पळवून आत घातल्या असतील.

आत घातल्या. हो.

एल्विनला उशीरच झाला. वरच्या रस्त्यावर बर्फ असेल. चहा टाकू? नको तर नको. कुत्रा? आहे ना आमचा, आहे. पेरो. आत झोपलाय, चुलीपाशी. म्हातारा झालाय तो, त्याला कुठलं असलं — इड्वलचा तो. माझं कधी ऐकलं नाही त्यानं, एवढी खरकटी घातली मी आणि एवढी हाडं, पण मी हाक मारली की तोंड फिरवणार. इड्वलची नुसती शिट्टी, जिभेवर ती पत्र्याची चकती ठेवून मारायचा ना, ती — पेरो डोंगराच्या त्या टोकाला असला तरी वळायचा. माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे ती. मला वाजवता येत नाही. वाऱ्यासारखा फुसफुस आवाज येतो नुसता.

उठवू? कशाला उठवू त्याला? तुम्हाला काय करायचंय आमचा कुत्रा बघून? बसा तिथं. बसा म्हटलं ना!

तुम्हाला मेंढ्यांतलं काही कळत नाही, म्हणून सांगते. पाळीव कुत्रं मेंढ्यांत शिरलं की काय होतं? उधळतात. एक इकडं, एक तिकडं, दोन ओढ्यात, एक कुंपणाच्या तारेत — दिवसभर गोळा करत बसावं लागतं. असं एका ठिकाणी, रानातून वर वळवून, भिंतीच्या आत, एकही न सोडता — ते तुमच्या बिस्किटाचं काम नव्हे, त्याला शंभर वर्षं शिकवलं तरी —

काय बघताय माझ्याकडं?

बोला की. मघापासून ओठ हलतायत तुमचे. काय विचारायचंय? — उरलेल्या बाहेर का येत नाहीत.

दार नाही तर बाहेर का येत नाहीत.

शेवाळ बघणारी माणसं बारीक बघतात हो. माझंच चुकलं, कशाला बोलले मी ते. गप्प बसवत नाही मला, घरात दुसरं कोणी नसलं की असं होतं, कोणी आलं की तोंड सुटतं.

ऐक पोरी. इकडं ये, जवळ ये, ओरडून नको सांगायला. आत नाहीये तो. चुलीपाशी कोणी नाही. पूर्वेचा वारा सुटला आणि बर्फाचा वास आला की इड्वल त्याला वर पाठवायचा — मेंढ्या रानात आण, मेंढवाड्यात घाल, खिंडारात आडवा पड. मग इड्वल पाठोपाठ कंदील घेऊन जायचा, बघायचा, कोपऱ्यात दाटी झाली असली तर मोकळी करायचा, आणि म्हणायचा, बास झालं, पेरो. एवढं म्हटलं की तो उठायचा. काल तोच वारा सुटला. मी दार लावायला उठले तर तो निघून गेलेला. मला वाटलं, येईल. आपल्या मेंढ्याच नाहीत तर करणार काय आहे तो तिथं, येईल परत — आणि मी झोपले! त्याला कुठं माहितीय मी विकल्या ते? त्याला ज्या दिसल्या त्या त्यानं आणल्या. आणि मागून कंदील घेऊन कोणी गेलं नाही.

सकाळी तो तसाच पडला होता खिंडारात. पाठीवर एवढा बर्फ. डोळे मेंढ्यांवर. मी म्हटलं, बास झालं, पेरो. म्हटलं की! दहादा म्हटलं, रडून म्हटलं, मानेला धरून ओढलं. माझ्यावर गुरगुरला आणि परत जाऊन आडवा पडला. काम अर्धं टाकून उठायचं नाही असं शिकवलंय त्याला, आणि ज्यानं शिकवलं तो चॅपलमागं मातीत आहे. म्हणून खाली आले, आणि तू समोर. मला वाटलं — काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. वाटलं, एल्विन रागानं येईल, आधी इथंच तुझ्या कुत्र्याचं उरकेल, आणि तोवर पेरो कंटाळून घरी येईल. तो कंटाळत नाही गं. तुझ्या कुत्र्याच्या तोंडाला लोकर आहे तशी माझ्या बाहीलाही आहे, ही बघ, त्या रानातल्या काट्याकाट्याला लोकर आहे. इड्वलचं दुसरं काही हलतं-चालतं राहिलं नाही माझ्याकडं. एवढं एकच. तुला काय, तू दुसरं आणशील, असं म्हणत होते मी मनात, तुझ्या तोंडाकडं बघत.

गाडी आली. ऐकलंस? ओढ्यापाशी आली. आता गेट उघडेल.

हा घे तुझा दोर. घे लवकर. हात कसले गार पडलेत तुझे. कोट असू दे अंगावर, नंतर पाठव नाहीतर नको पाठवू. रडतेस काय, तुला काही होत नाही आता.

ये एल्विन. नाही, ती बंदूक असू दे, पण आधी माझं ऐक. या मुलीच्या कुत्र्यानं नाही. मी खोटं बोलले तुझ्याशी फोनवर. आमच्या पेरोनं. — नाही, घरात नाहीये तो. वर आहे. तुझ्या मेंढ्या राखतोय.

चल, मी येते बरोबर. माझ्याशिवाय जायचं नाहीस तू. — आणि तू अजून इथंच? जा गं पोरी. खालच्या वाटेनं जा, रानाच्या कडेनं, आणि दोर घट्ट धर त्याचा. बंदुकीचा आवाज झाला तर बिचकेल तो.