सहाशे फूट, हवेतून

(नगरपालिकेचं नियोजन खातं. सोमवार, दुपारचे सव्वाचार. काउंटरच्या आत कारकून नोएमी ऑर्टेगा. बाहेर जोकिम सिल्व्हेरा, निवृत्त प्लंबर, हातात अंतर मोजायचं चाक. बाकावर लोरेन हॅस्केट, निवृत्त मुख्याध्यापिका.)

सिल्व्हेरा : ...सातशे बावीस. दोनदा फिरवलं चाक. जाताना सातशे बावीस, येताना सातशे चोवीस. ते वरचे दोन फूट एका कुत्र्याला वळसा घातला म्हणून.

नोएमी : मिस्टर सिल्व्हेरा, चाक रस्त्यावरून फिरवलंत?

सिल्व्हेरा : मग कुठून फिरवणार?

नोएमी : हवेतून.

सिल्व्हेरा : चाक?

नोएमी : अंतर. शाळेच्या हद्दीपासून तुमच्या शेडच्या हद्दीपर्यंत सरळ रेषेत सहाशे फूट. मध्ये काय आहे ते न बघता.

सिल्व्हेरा : मध्ये कालवा आहे.

नोएमी : न बघता.

सिल्व्हेरा : तिथं त्यावर पूल नाही, बाई. शाळेतल्या पोराला सरळ रेषेत माझ्या शेडपाशी यायचं तर पोहत यावं लागेल.

नोएमी : पोर कसं येईल हे नियमानं विचारलेलंच नाही. किती लांब आहे एवढंच विचारलंय.

लोरेन : सहावीतली पोरं पोहतात. कालव्यात उतरू नये अशी पाटी मी लावली होती. ती वाचून उतरायची.

सिल्व्हेरा : लोरेन, तू इथं काय करतेस?

लोरेन : विरोध नोंदवायला आलेय. तुला.

नोएमी : मिसेस हॅस्केट, विरोध नोंदवायचा तर आधी अर्ज दाखल व्हायला हवा. अजून झालेला नाही.

लोरेन : म्हणून तर बसलेय. लवकर आटप, जोकिम. पाचला हे लोक दार लावतात.

सिल्व्हेरा : एवढा विरोध कशाला पण?

लोरेन : गावात गांजाचं दुकान नको. तत्त्वाचा प्रश्न आहे.

सिल्व्हेरा : दुकान कुठंय? घरपोच सेवा आहे. सांग गं हिला.

नोएमी : दुकान नाही. गिऱ्हाइकानं जागेवर यायचं नाही, आलं तर दंड. पाटी नाही, रस्त्याकडे खिडकी नाही, भिंतीबाहेर वास नाही. गाडीवर नाव, चित्र, पानाची आकृती, काही नाही.

लोरेन : गाडीवर काहीच नाही?

नोएमी : काहीच नाही.

लोरेन : मग ती गाडी एखाद्याच्या दारात उभी राहिली, तर शेजारपाजारच्यांना वाटणार काय?

सिल्व्हेरा : प्लंबर आलाय असं वाटेल. चाळीस वर्षं तेच वाटत आलंय.

लोरेन : हं. आणि पोचवायची वेळ?

नोएमी : सकाळी नऊ ते रात्री आठ.

लोरेन : गुरुवारी दुपारी माझ्याकडे पत्त्यांना बायका येतात.

नोएमी : हे विरोधात लिहू का?

लोरेन : नको. ते आपलं सहज.

सिल्व्हेरा : गुडघे कसे आहेत, लोरेन?

लोरेन : तुझ्या अर्जाशी माझ्या गुडघ्यांचा काय संबंध?

सिल्व्हेरा : नाही, मीही सहजच.

नोएमी : आपण शाळेकडे येऊ. संगणकावर हवेतून मोजते. थांबा हं... सहाशे अकरा.

सिल्व्हेरा : अकरा फूट वर! बसलो की नाही?

नोएमी : शाळेपुरते बसलात.

सिल्व्हेरा : शाळेपुरता म्हणजे? पोरांचा बेसबॉलचा क्लब गावाच्या त्या टोकाला. चर्चचा नियमच नाही, मी वाचलाय. मार शिक्का.

नोएमी : एकदा नकाशा बघून घेऊ. हे लाल गोल दिसतात ना? जिथं जिथं मुलं जमतात त्याच्याभोवती सहाशे फूट. त्यात परवाना देता येत नाही.

सिल्व्हेरा : हे तर सगळं गावच लाल आहे. गोवर आल्यासारखं.

नोएमी : पांढरं थोडं आहे. सांडपाण्याचं केंद्र आहे, रेल्वेचं जुनं कोठार आहे. आणि अर्धी दफनभूमी.

लोरेन : अर्धीच का?

नोएमी : उरलेल्या अर्धीला लागून बेसबॉलचा क्लब आहे.

लोरेन : बरोबर. मेलेल्यांनी पोरांसमोर ओढू नये.

सिल्व्हेरा : कोठार त्या शहरातल्या कंपनीनं घेतलं, म्हणे.

नोएमी : शुक्रवारी. दोन वकील घेऊन आले होते. एकूण परवाने दोन, त्यातला एक गेला. दुसऱ्याची मुदत आज पाचपर्यंत. मग पुढची फेरी तीन वर्षांनी.

सिल्व्हेरा : ती कंपनी ऑलिअँडर पार्कात, म्हाताऱ्यांच्या त्या वस्तीत, गाडी पाठवणार नाही. मी फोन करून विचारलं. म्हणाले, एका फेरीला किमान एवढा माल घ्यावा लागतो. मिसेस ब्रागा महिन्याला गांजाच्या मलमाची एक डबी घेते. नव्वदीला आली ती. तिला सांगू, तीन वर्षं कळ काढ म्हणून?

नोएमी : आत्ता तिला कोण आणून देतं?

सिल्व्हेरा : मी. मोडेस्टोहून. तिला आणि आणखी दहाजणांना. पहिल्यांदा बायकोसाठी, इदासाठी जायचो, एकाआड एक गुरुवारी. ती गेली, पण गुरुवार काही गेले नाहीत. पार्कातले लोक चिठ्ठ्या द्यायला लागले.

नोएमी : हे मी ऐकलं नाही.

सिल्व्हेरा : ऐक की. त्यासाठीच तर आलोय. या गावात मी एक गिझर विनापरवाना बसवलेला नाही, नोएमी. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, नाताळच्या आदल्या दिवशी, गार पाण्यात, मी तपासणीसाची वाट बघत बसलो होतो. आणि आता म्हातारपणी गाडीत चोरून डब्या नेतोय. प्रत्येक सिग्नलला आरशात पोलिसांची गाडी शोधतो.

लोरेन : खरं आहे. माझ्याकडच्या नळाच्या वॉशरलासुद्धा यानं परवाना लागतो का विचारलं होतं.

सिल्व्हेरा : तर मार शिक्का. थांब, थांब. हा गोल कसला?

नोएमी : कुठला?

सिल्व्हेरा : हा. कालव्याच्या अलीकडचा. माझी शेड त्याच्या आत येतेय.

नोएमी : पाणी घेता का थोडं?

सिल्व्हेरा : पाणी मी जन्मभर दुसऱ्यांच्या घरात आणलं. गोल कसला ते सांग.

नोएमी : एका पाळणाघराचा.

सिल्व्हेरा : त्या बाजूला पाळणाघर कुठंय?

नोएमी : चौदा, आल्डर लेन.

सिल्व्हेरा : ते माझं घर आहे.

नोएमी : हो.

सिल्व्हेरा : इदाला जाऊन दोन वर्षं झाली.

नोएमी : हो. पण 'मिस इदाचं पाळणाघर' चालू आहे. म्हणजे परवाना चालू आहे. दर जानेवारीत नूतनीकरण होतं.

सिल्व्हेरा : ते मी करतो.

नोएमी : माहीत आहे. तुमचं पाकीट मीच उघडते.

सिल्व्हेरा : तिच्या नावानं कागद येतो. आलेला कागद भरून परत पाठवायचा, एवढंच मला माहीत.

लोरेन : जोकिम, 'मुलांची संख्या' या रकान्यात काय लिहितोस?

सिल्व्हेरा : 'कमाल बारा.'

नोएमी : कमाल बाराच आहे. त्यात खोटं काही नाही.

लोरेन : कारकुनाची बाजू घेणारा अर्जदार पाहिला होता. हे उलटंच.

सिल्व्हेरा : म्हणजे मीच दरवर्षी हा गोल काढतोय. स्वतःच्या शेडवर.

नोएमी : गोल संगणक काढतो. परवाना दिसला की काढतो.

सिल्व्हेरा : घराची हद्द सरकवली तर? मागची वीस-पंचवीस फूट जागा मी शेजाऱ्याला देऊन टाकतो. त्याला हवीच आहे.

नोएमी : घरापासून शेड दोनशे नव्वद फूट. म्हणजे हद्द तीनशे दहा फूट मागं न्यावी लागेल. तुमची जागा आहे एकशे चाळीस फूट लांब.

सिल्व्हेरा : म्हणजे घर देऊन वर आणखी दीडशे फूट द्यायची.

नोएमी : एकशे सत्तर.

सिल्व्हेरा : तीन आठवडे मी इथं येतोय. हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?

नोएमी : तुम्ही शाळेचं अंतर विचारलंत. म्हटलं, शाळेतच नापास झालात तर हे सांगायची वेळ येणार नाही.

लोरेन : चार बत्तीस.

नोएमी : एक पान आहे. 'व्यवसाय बंद केल्याचं निवेदन.' परवानाधारकानं किंवा मागे राहिलेल्या जोडीदारानं सही करायची. मी शिक्का मारला की गोल जातो, लगेच. मग तुमचा अर्ज घेता येतो.

सिल्व्हेरा : आण.

नोएमी : सावकाश वाचा.

सिल्व्हेरा : वाचतोय. नाव, पत्ता, परवाना क्रमांक. हे तू आधीच भरलंयस.

नोएमी : दोन आठवड्यांपूर्वी भरून ठेवलं होतं.

सिल्व्हेरा : 'व्यवसाय बंद झाल्याची तारीख.' कुठली लिहू?

नोएमी : ज्या दिवशी बंद झालं ती.

सिल्व्हेरा : ती गेली ती तारीख?

नोएमी : तेव्हा मुलं येत होती?

सिल्व्हेरा : नाही. त्याच्या आधी वर्षभर कुणीच येत नव्हतं. शेवटच्या दिवशी दोघं होती, त्या पेट्रोल पंपवाल्याची जुळी. मार्चमधला मंगळवार होता. रात्री इदाला ताप भरला, पहाटे दवाखान्यात नेलं. मग काय, आज उघडू, उद्या उघडू.

नोएमी : मग तो मंगळवार लिहा.

सिल्व्हेरा : पण मंगळवारी तिनं बंद नव्हतं केलं. बुधवारसाठी वाल भिजत घातले होते तिनं. मोठं पातेलंभर. दवाखान्यातून परत आलो तर मोड आलेले. जो माणूस पातेलंभर वाल भिजत घालतो त्यानं धंदा बंद केला, असं कसं लिहू मी?

लोरेन : नोएमी, त्या रकान्यात 'कोणी बंद केला' असं विचारलंय?

नोएमी : नाही. फक्त तारीख.

लोरेन : मग लिही, जोकिम. पोर कालवा कसा ओलांडेल हे विचारत नाहीत, तसं हेही विचारत नाहीत. या लोकांचं तेवढं एक बरं असतं.

सिल्व्हेरा : तू माझ्या विरोधात आली होतीस ना?

लोरेन : अजूनही आहे. एकोणीस वर्षं पहिलीचे वर्ग पाहिले मी. इदाकडून आलेलं पोर पहिल्याच दिवशी ओळखू यायचं. स्वतःचे बूट स्वतः घालायचं, आणि शेजारच्याचे उलटे असले तर सांगायचं. चार एकोणचाळीस झाले.

सिल्व्हेरा : पेन दे.

नोएमी : हं.

सिल्व्हेरा : हे चालत नाही.

नोएमी : सॉरी. हे घ्या माझं.

सिल्व्हेरा : मंगळवार होता, बावीस मार्च... ही सही. आता?

नोएमी : हा शिक्का. नकाशा बघा.

सिल्व्हेरा : गेला?

नोएमी : गेला.

सिल्व्हेरा : आवाजही नाही केला.

नोएमी : आता अर्ज द्या. नऊ पानं, दोन प्रती. जागा पांढऱ्या पट्ट्यात, शाळेपासून सहाशे अकरा... वाहन एक, खूण नाही... चालक?

सिल्व्हेरा : मीच.

नोएमी : दाखल. चार बावन्न.

लोरेन : झाला दाखल? मग हा घे माझा विरोध. दोन पानं, मुद्दे सात.

सिल्व्हेरा : अगं लोरेन!

लोरेन : तत्त्व ते तत्त्व. नोएमी, सुनावणीत हा फेटाळला जाण्याची शक्यता किती?

नोएमी : नियमाला धरून एकही मुद्दा नाही यात.

लोरेन : माहीत आहे. मीच लिहिलाय. तर जोकिम, फेटाळला गेला की बुधवारी सकाळी येत जा. आणि हत्यारांची पेटी घेऊन ये, रिकाम्या हातानं येणारा प्लंबर कुणाला खरा वाटत नाही. येते मी.

सिल्व्हेरा : चाळीस वर्षांत हिनं सल्ला दिल्याशिवाय एकदाही मला पान्याला हात लावू दिला नाही. चला, मीही निघतो.

नोएमी : मिस्टर सिल्व्हेरा, एक राहिलं. पाळणाघर बंद झालं की पाटी उतरवल्याची पाहणी करावी लागते. दहा दिवसांच्या आत.

सिल्व्हेरा : फाटकावरची? बदकाची?

नोएमी : तीच. त्याला इलाज नाही, फोटो फाइलला लावावा लागतो.

सिल्व्हेरा : चार स्क्रू आहेत. गंजलेत, पण निघतील. कोण येणार बघायला?

नोएमी : खात्यात मी एकटीच आहे. शुक्रवारी येऊ? इथून सुटले की, पाचला.

सिल्व्हेरा : पाचला नको, साडेपाचला ये. तुझी आई साडेपाचच्या आत तुला न्यायला कधी आलीच नाही. त्या वेळेला फाटकाशी कुणीतरी उभं असायची आमच्या घराला सवय आहे.