भिंगरी मागे का बघते

बायको : पाय दाखव. तुझा नव्हे, तिचा.

नवरा : अगं, आत्ताच डोळा लागलाय तिचा.

बायको : तेच तर म्हणतेय. संध्याकाळची वेळ, मी हातात दोरी घेऊन उभी, आणि भिंगरी झोपलेली? एरवी दोरी नुसती हलली तरी घर डोक्यावर घेते.

नवरा : उकडतंय. माणसं पेंगतात, ही तर कुत्री.

बायको : बोटांच्या मध्ये भुसा आहे.

नवरा : असेल.

बायको : लाकडाचा भुसा. आपल्या घरात सुतारकाम काढलंयस का?

नवरा : दुपारी फिरवून आणली जरा. कोपऱ्यावर तो सुतार आहे ना, त्याच्या दारातला असणार.

बायको : सुतार गावाला गेलाय. त्याच्या दाराला कुलूप आहे, कुलपावर कोळ्याचं जाळं आहे. मी रोज तिथूनच कामाला जाते.

नवरा : तुझी ती फॅक्टरीतली नजर! दिवसभर कापडातले दोष हुडकायचे आणि घरी आलं की नवऱ्यातले.

बायको : कापड निदान उडवाउडवीची उत्तरं देत नाही. असा भुसा एकाच ठिकाणी असतो. मावशी कुत्र्यांना शिकवतात त्या मैदानावर, उड्यांच्या दांड्यांखाली. आणि आज सरावाचा वार नाही.

नवरा : कालचा राहिला असेल.

बायको : काल रात्री मी स्वतः पाय पुसलेत तिचे. थांब, उठली. ये गं राणी. घे दोरी. ओढ! ओढ की! बघ, कशी आळसटून ओढतेय. आता नीट ऐक हं. दोरी सोडायला मी तिला 'दे' म्हणते. पिल्लू होती तेव्हापासून दुसरा शब्द वापरलेला नाही. भिंगरी, बास!

नवरा : अगं...

बायको : सोडली. पाहिलंस? 'बास' म्हटल्यावर लगेच सोडली. हे कोणी शिकवलं?

नवरा : आपण जेवताना म्हणतोच की बास, बास. ऐकून ऐकून आलं असेल.

बायको : मग माझ्या ताटातून तोंड का नाही काढत बास म्हटलं की? कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मला ते आजच्या आज कळायला हवंय. रविवारी मावशी कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा संघ निवडणार आहेत.

नवरा : माहितीये मला. घरात आठवडाभर दुसरा विषय आहे का?

बायको : मग हेही माहीत असेल, की ती माझ्याबरोबर पूर्वीसारखी पळत नाही. पूर्वी मैदानावरच्या त्या कापडी बोगद्यातून बाहेर पडायची ती भुंकतच. सगळं मैदान हसायचं. आता तोंडातून आवाज नाही. प्रत्येक उडीच्या आधी थबकते, मागे बघते. मी म्हटलं, आजारी असेल. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासली. म्हणाले, ठणठणीत आहे. मग उरतं काय? कोणीतरी माझ्यामागे तिला दमवतंय. नाहीतर मारतंय.

नवरा : मी? मी मारीन तिला?

बायको : मी नाव नव्हतं घेतलं.

नवरा : तू ना, पोलिसात जायला हवी होतीस.

बायको : आणि ते बूट कोणाचे? गच्चीवर, टाकीच्या मागे. खाली खिळे असलेले. जिना चढताना तुला धाप लागते, तुला पळायचे बूट कशाला हवेत?

नवरा : तू टाकीच्या मागे कशाला गेली होतीस?

बायको : हे उत्तर झालं का?

नवरा : नाही. प्रश्न आहे. टाकीच्या मागे कोणी सहज जात नाही. मी गेलो कारण मला काहीतरी लपवायचं होतं. तू?

बायको : ... कपडे वाळत घालायला.

नवरा : दोरी पुढच्या बाजूला आहे.

बायको : विषय बदलू नकोस. उद्या मी अर्धी रजा टाकतेय. दुपारी मैदानावर जायचं, तिघांनी. तुझ्यासमोर विचारते मावशींना.

नवरा : विचार. मलाही त्यांच्यासमोर काही विचारायचंय.

(दुसऱ्या दिवशी दुपार. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड. भिंगरी सावलीत बांधलेली.)

बायको : मावशी, हा रोज दुपारी इथे येतो का?

मावशी : आधी पाणी पी.

बायको : मला पाणी नकोय.

मावशी : उन्हातून आलेल्या कुत्र्याशी मी पाणी पाजल्याशिवाय बोलत नाही. तुला वेगळा नियम कशाला? पी.

बायको : प्यायले. आता सांगा.

मावशी : येतात जावई. दुकान दुपारचं बंद असतं तेव्हा. रोज नाही. तुझ्या सरावाच्या दिवशी तर मी भिंगरीला हातसुद्धा लावू देत नाही त्यांना.

बायको : कधीपासून येतो?

मावशी : तू लंगडायला लागलीस तेव्हापासून.

बायको : मी लंगडत नाही.

मावशी : बरं.

बायको : बरं काय? पाय मुरगळला होता मध्ये. तो बरा झाला.

नवरा : बरा झाला, तर पुलापलीकडच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या कोणासाठी आणतेस?

बायको : काय?

नवरा : नवरा जन्मभर औषधांच्या दुकानात बसलाय, आणि बायको गोळ्या घ्यायला पूल ओलांडून जाते. तो दुकानदार मला विचारतो, वहिनी सारख्या आमच्याकडून नेतात, तुमच्याकडचा माल संपला का? मी हसून हो म्हटलं. काय करणार?

बायको : माझ्यावर पाळत ठेवतोस?

नवरा : तू माझे बूट हुडकलेस ती पाळत नव्हती? गुडघ्याचा पट्टा पण मी तिथेच पाहिला. टाकीमागे, वाळत घातलेला. मी बूट लपवायला जागा शोधत गेलो, तर तिथे आधीच कोणीतरी लपवाछपवी करून गेलेलं.

मावशी : चांगली टाकी आहे तुमची. पाणी तरी असतं का तिच्यात?

बायको : मावशी, चेष्टा नको. तू मला सरळ विचारायचं होतंस.

नवरा : विचारलं. तू म्हणालीस, कंबर अवघडलीय, दिवसभर उभं राहून. मला काय काय वाटलं माहितीये? मला वाटलं काहीतरी भयंकर निघालंय आणि तू ते माझ्यापासून दडवतेयस. घाबरलो होतो मी. मग एकदा इथे येऊन कुंपणापलीकडून तुला पळताना पाहिलं आणि उलगडा झाला.

बायको : आणि मग तुम्ही दोघांनी ठरवलं. मी फॅक्टरीत असताना हा माझी कुत्री पळवणार, आणि रविवारी तुम्ही मला गोड बोलून बाहेर काढणार. म्हणूनच ती माझ्याबरोबर मलूल असते. तुमच्याकडे मजा संपवून येते, माझ्या वाट्याला उरलंसुरलं.

मावशी : तसं नाही ते.

बायको : मग कसं आहे? सांगा ना. का नाही पळत ती माझ्याबरोबर?

मावशी : हा मोबाईल घे. सोमवारच्या तुझ्या सरावाचं चित्रण आहे यात. मी काही बोलत नाही. कापड तपासतेस तशी बघ आणि दिसेल ते सांग.

बायको : पहिली उडी. ठीक आहे. दुसरी... इथे थबकली. मागे बघितलं. बोगदा. बाहेर आली. पुन्हा थांबली. दांडी समोर आहे, रस्ता मोकळा आहे, तरी थांबली. कुठे बघतेय ती? मी कुठाय?

मावशी : पुढे बघ.

बायको : मी अजून बोगद्याच्या अलीकडेच आहे. हात दाखवतेय, पण उशिरा दाखवतेय. ती... परत लावा जरा. इथून.

नवरा : राहू दे आता.

बायको : तू गप. परत लावा, मावशी. ... मी पोहोचेपर्यंत ती उडीच मारत नाही. नागमोडी पळायच्या काठ्यांमधूनसुद्धा चालत चालत जातेय. ही दमलेली नाही. हिला कोणी मारलेलं नाही. ही माझ्यासाठी थांबतेय.

मावशी : हं.

बायको : माझ्यासाठी सावकाश पळतेय ती.

मावशी : कुत्र्याला स्पर्धा कळत नाही, पोरी. तुझ्याबरोबर खेळायचं, एवढंच कळतं. तुझा वेग कमी झाला, तिने तिचा कमी केला.

बायको : तुम्हाला हे कधीपासून दिसतंय?

मावशी : झाला बराच काळ.

बायको : मावशी, इथे पहिल्या दिवशी काय शिकवलं होतंत मला? कुत्र्याचं बरोबर आलं तर त्याच क्षणी सांगा, चुकलं तर त्याच क्षणी खेळ थांबवा. नंतर सांगून त्याला काही कळत नाही, उगाच बावरतं. हेच ना? प्रत्येक नव्या माणसाला ऐकवता. मग मला का नाही सांगितलंत? दर वेळी आपलं, छान, छान, अजून जोर कर. मला बिस्किटं चारत होतात तुम्ही!

मावशी : चारत होते.

बायको : का?

मावशी : कुत्र्याला सांगणं सोपं असतं. ते रुसून घरी जात नाही. इथे नुसतं गवत आणि दगड होते तेव्हा तू आलीस. दगड वेचलेस माझ्याबरोबर. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझं पळणं संपलं? जावई आले, म्हणाले मला शिकवा. मला बरंच वाटलं. म्हटलं, तेच सांगतील घरी.

नवरा : आणि मला वाटलं, मावशी सांगतील.

बायको : शाब्बास. दोघंही एकदम शहाणे.

नवरा : चुकलं माझं.

बायको : तुला तर कुत्री आवडत नाहीत. भिंगरीला घरात आणली तेव्हा दोन दिवस अबोला धरला होतास.

नवरा : अजूनही नाही आवडत. ही एक सोडून. तू डॉक्टरकडे का जात नाहीस, ते मला कळत होतं. गुडघा दाखवला की ते म्हणणार, पळणं बंद. म्हणजे भिंगरीचंही बंद. म्हटलं, तिचं बंद होणार नाही एवढी तजवीज झाली, तर तू निदान पाय दाखवायला तरी जाशील. मला शर्यत जिंकायची नाही गं. तू पहाटे भिंतीला धरून न्हाणीघरात जातेस. मी झोपेचं सोंग घेऊन बघतो ते.

मावशी : पाणी देऊ का?

बायको : नको. ती तुझ्याबरोबर कशी पळते? खरं सांग. मन राखायला काही बोलू नकोस.

नवरा : मी फार वाईट पळतो.

मावशी : पोतं घरंगळल्यासारखे पळतात.

नवरा : मागच्या आठवड्यात दांडीत पाय अडकून सपशेल आडवा झालो. ती माझ्या पोटावर चढून भुंकत होती.

बायको : भुंकत होती?

नवरा : हो. अगदी नरडं फुटेस्तोवर.

बायको : किती दिवसांत ऐकलं नाही मी ते.

नवरा : तू नको म्हणालीस तर आजपासून बंद. खरंच सांगतो. बूट देऊन टाकतो कोणाला तरी.

बायको : मला तुमचा राग आलाय. दोघांचाही. आणि तो इतक्यात जाणार नाही.

मावशी : असू दे. पण रविवारी संघात भिंगरी हवीय मला, तेव्हा दोरी कोणाच्या हातात असणार ते तू सांगायचंस. तू म्हणालीस मी, तर तू. लंगडत पळालीस तरी मी आडवी येणार नाही. मात्र छान पळालीस असं या वेळी म्हणणार नाही.

बायको : आधी मला बघू दे. पळवून दाखव, माझ्यासमोर.

नवरा : आत्ता?

बायको : मग काय मुहूर्त काढू? आणलेस ना बूट? पिशवीत आहेत, मी निघतानाच बघितलेत.

मावशी : जावई, शेवटच्या उडीपाशी जाऊन उभे राहा आणि हाका मारा. पोरी, तू भिंगरीला घे. इथे बस, दुखऱ्या पायावर भार नको. छातीपाशी धर, दोन्ही हातांनी. ती ओढेल, ओढू दे. मी सांगितलं की मोकळी कर.

नवरा : भिंगरी! भिंगरी, ये! ये गं ये!

बायको : बाई गं, केवढी ताकद लावतेय! सगळं अंग थरथरतंय तिचं.

मावशी : अजून जरा धर.

नवरा : भिंगरी! इकडे!

बायको : मावशी, भुंकतेय ती.

मावशी : ऐकतेय मी. आता सोड.

बायको : सोडते. अरे, हात खाली घे आधी! रविवारी असा हात वर धरलास, तर उडी सोडून बाहेरून वळेल ती.