तांदळात काढलेलं नाव

मी मूळची साताऱ्याची, माहेरची कुसुम. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं शैलजा लिहिलं तेव्हापासून शैलजा, मला कोणी विचारलं नव्हतं, विचारायची पद्धतच नव्हती हो. मग ह्यांच्या नोकरीपायी बर्मिंगहॅमला आले आणि जीपीच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर लागले. वेटिंग रूममध्ये नावं पुकारायची. पोलिश, सोमाली, कसलंही नाव असो, मी आधी त्या माणसाला विचारायचे, नीट म्हणतेय ना मी, आणि घोकून घ्यायचे. ह्याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू तुम्हाला. म्हणून तर जास्त लाज वाटते.

आमच्या रोहननं कोरियन मुलीशी लग्न केलं, सुजिन तिचं नाव. गुणी पोर, मराठीत सगळ्यात आधी आई म्हणायला शिकली. पण माझ्या डोक्यात बसलेलं, रोहनच्या जोडीला रेवा हेच नाव शोभेल. रोहन म्हणाला, आई, त्यांच्यात लग्नानंतर आडनावसुद्धा बदलत नाहीत, तू नाव कुठलं बदलतेस. मी म्हटलं, अरे एका दिवसाचं, फोटोपुरतं. तिनं हसून मान डोलावली, त्यानं तांदळात रेवा लिहिलं, पेढे वाटले. आणि मग मी थांबलेच नाही. रेवा चहा घे, रेवा कोट घाल, इथल्या महाराष्ट्र मंडळात रेवा, शेजारच्या मार्गारेटलाही रेवाच सांगितलं. दोन वर्षं.

मागच्या समरमध्ये तिची आई आली सोलहून. जेवायला बसलो आणि मी म्हटलं, रेवा, पाणी आण गं. तर त्या बाई दाराकडे बघायला लागल्या, घरात अजून कोण आहे म्हणून. आणि उठली त्यांची लेक. अहो, बाईंचा तो चेहरा मी विसरणार नाही. मायलेकी काहीतरी बोलल्या, मग बाईंनी पर्समधून पेन काढलं, पेपर नॅपकिनवर दोन चिनी अक्षरं काढली, त्यांच्यात नावाचा अर्थ त्या अक्षरांत असतो, आणि सुजिन मान खाली घालून मला सांगत गेली. आजोबांनी ठेवलेलं नाव. सु म्हणजे उत्तम, जिन म्हणजे अनमोल. उच्चार तोच असला तरी अक्षर दुसरं घेतलं की अर्थ बदलतो, म्हणून आजोबांनी खूप दिवस घेतले. आणि भावंडांत एक अक्षर सारखं ठेवतात, तर मोठी सुमिन, धाकटी सुजिन. मी आपली विचारते, मग मोठी कुठे असते? सुजिननं नॅपकिन हळूच आईकडे सरकवला. रोहन म्हणाला, ती गेली, आई, एकोणिसाव्या वर्षी. आता सुजिनला हाक मारली की निम्मं नाव मोठीचं तोंडात येतं, तेवढंच उरलंय त्यांना.

मी रोहनला किचनमध्ये गाठलं, म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, तू विचारलंस कधी?

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अनोळखी पेशंटला विचारणारी मी, घरच्या लेकीला नाही विचारलं. बाईंची माफी मागितली तर त्यांनी माझा हात धरला, त्यानं तर अजूनच वाईट वाटलं. सुजिनला म्हटलं, तू तरी बोलायचंस गं. ती म्हणाली, आई, तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलं, मला वाटलं तुमच्यात सून घरात असंच नवं नाव घेते.

आता मंडळात एकेकाला सांगत फिरते, रेवा नाही, सुजिन म्हणा. लोक हसतात, हसू देत. पोर सुखी राहो, एवढंच मागणं आहे. पण घरात मी सुजिन म्हणून हाक मारली ना, की ती पटकन वळत नाही. माझ्या आवाजात ते नाव तिच्या कानाला नवं आहे. मी परत हाक मारते.