कपाटाच्या मापाचा कॉम्प्युटर

...आता लिफ्टचं दार नेमकं तेव्हाच लागायचं होतं का, तुम्हीच सांगा. जिना झाडणाऱ्या मावशी वॉचमनला सांगत होत्या, चांगल्या खड्या आवाजात, चोरून बिरून नाही, की "नकाशेबाई घर सोडून चालली म्हणे, आणि सासऱ्यानं स्वतःच्या हातानं तिचं..." आणि लागलं दार. तिचं काय? सामान बाहेर ठेवलं? गाठोडं बांधून दिलं? अहो, अर्धं वाक्य पोटात घेऊन माणसानं चार मजले वर जायचं कसं? मी पुन्हा बटण दाबून खाली गेले, तर मावशी पलीकडच्या जिन्यात गडप आणि वॉचमन कानात वायरी घालून बसलेला. विचारलं, तर म्हणतो, "माझं लक्ष नव्हतं काकू." लक्ष नव्हतं म्हणे. मग पगार कशाचा घेतोस बाबा, खुर्ची उबवायचा?

तर नकाशेबाई म्हणजे आमच्या समोरच्या दारातली सून. नाव मीच पाडलं, कारण ती घरांचे, दुकानांचे आतले नकाशे काढते. कपाट कुठं, दिवा कुठं, दार कुणीकडे उघडायचं, सगळं कॉम्प्युटरवर. आठ वर्षं दुसऱ्यांसाठी काढले, नाव त्यांचं आणि हात हिचा. पोरगी गुणाची हो. नवरा विम्याच्या कचेरीत, वाईट नाही, पण त्याचं प्रत्येक वाक्य "तसं बघायला गेलं तर" पासून सुरू होतं आणि कुठंच जात नाही. आणि सासरे म्हणजे मिस्त्रीकाका. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, हात असा की लाकडानं स्वतःहून वाकावं. सुनेला कधी अगं-तुगं पलीकडे वाकडा शब्द नाही. अशा घरातून सून निघते आणि तेही कशापायी, तर एका कॉम्प्युटरपायी. हसू नका, मीही आधी हसलेच होते.

झालं काय, तुम्हाला सांगते, नकाशेबाईला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम येत होतं. एका डॉक्टरीणबाईंचं बाळंतपणाचं हॉस्पिटल, बारा खाटांचं, आतली सगळी मांडणी हिनं करायची. फक्त बाईंची एक अट होती, नुसते कागद नकोत, आम्हाला त्यात चालवून दाखवा. म्हणजे सिनेमासारखं, दारातून आत, मग पॅसेज, मग खोली, मग खाट, खिडकीतून ऊन आलेलं. त्यासाठी पाच आठवडे दिले. चित्र आवडलं तर काम हिचं, नाही तर दुसऱ्याचं.

आता ते ऊन कसं पडतं, हे मला तिनंच समजावलं. भिंती, खिडक्या, दिवे सगळं मांडून झालं की यंत्राला सांगायचं, आता यात उजेड पाड. मग ते यंत्र बसतं हिशेब करत, हा किरण इथं आपटला, तिकडून तिकडे गेला, चादरीवर किती, फरशीवर किती. हिचा जुना कॉम्प्युटर त्यात पार म्हातारा झालेला. सकाळी ऊन पाडायला लावलं की संध्याकाळी अर्ध्या खोलीत पडलेलं असायचं, आणि तेवढ्यात तो गपकन बंद. मी एकदा म्हटलं सुद्धा, "अगं, यापेक्षा खरं ऊन लवकर येतं." हसली बिचारी.

म्हणून नवा घ्यायचा ठरलं. तिनं पंधरा दिवस वाचून, चार ओळखीच्यांना विचारून कागदावर सहा ओळी लिहिल्या. प्रोसेसर अमका, रॅम इतकी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्राफिक्स कार्ड, तेच ऊन पाडतं म्हणे, ते चांगलं दांडगं हवं. त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. मी बघितलाय तो कागद. म्हणजे टेबलावर उघडाच होता, मी काही उचकापाचक केली नाही.

झालं, कागद नवऱ्याकडे गेला. नवरा म्हणाला, "तसं बघायला गेलं तर बरोबर आहे, पण एकदा बाबांच्या कानावर घालू." आता त्या बाबांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा काय संबंध? पण घातलं कानावर. मिस्त्रीकाकांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वस्तू मागून येईल. आधी तिला जागा करू."

आणि काढली की त्यांनी टेप.

अठरा दिवस. पाच आठवड्यांतले अठरा दिवस तो माणूस कपाट करत होता. कॉम्प्युटरसाठी कपाट. वरती पडद्याची जागा, मध्ये ओढून घ्यायची फळी, खाली यंत्राचा कप्पा, त्याला दोन दारं, दारांना कुलूप. कशाला, तर धूळ. आणि माप कशाचं घेतलं? तर जुन्या कॉम्प्युटरचं. ती म्हणाली, "बाबा, नवा मोठा असणार आहे." तर काका हसले, म्हणाले, "अगं वेडे, यंत्रं दिवसेंदिवस लहानच होत चाललीत. फोन बघ, रेडिओ बघ. उलट जागा उरेल बघ तुला, वह्या ठेवायला." आता त्यांचंही चुकलं कुठं, रेडिओ लहान झालाच की. ती पुन्हा काही बोलायला गेली, तर रंधा थांबवून, घाम पुसत म्हणाले, "तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मारहाण केली असती तर आम्ही चार लोक मध्ये पडलो असतो हो. प्रेमाच्या मध्ये कोण पडणार?

कपाट झालं मात्र देखणं, खोटं कशाला बोलू. कडा अशा की बोट फिरवत राहावं. सगळा मजला बघून गेला. सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं, आणि नकाशेबाई कोपऱ्यात उभी, कॅलेंडरकडे बघत.

मग दुकानात गेलो. म्हणजे ते तिघं गेले, गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून मी बसले, जागा फुकट घालवायची का? दुकानदार तरुण होता, बारीक अंगाचा, कागद बघितला आणि काकांकडे नाही, नवऱ्याकडे नाही, थेट तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, हे तुम्ही लिहिलंत? एकदम बरोबर आहे. हेच घ्या, पाच-सहा वर्षं बघायला नको." तुम्हाला सांगते, त्या पोरीचा चेहरा... कित्येक महिन्यांत तिला कुणी बरोबर आहे म्हटलं नव्हतं. त्यानं आतून कार्ड बसवलेलं कॉम्प्युटरचं खोकं आणलं, झाकण उघडून ते कार्ड दाखवलं, चांगलं कोपरापासून मनगटापर्यंत लांब, त्याला तीन पंखे. ती बघतच राहिली, जसं काही...

आणि काकांनी खिशातून टेप काढली.

खोकं उंचीला चार बोटं जास्त आणि खोलीला सहा. काका म्हणाले, "हे बसत नाही."

"कशात बसत नाही?" दुकानदार म्हणाला.

"कपाटात."

दुकानदाराला वाटलं गंमत करतायत. तो हसला. दुसरं कुणीच हसलं नाही.

ती म्हणाली, "बाबा, टेबलाखाली ठेवू या. कपाटात वह्या ठेवू."

काका नुसते टेपची पट्टी आत घेत राहिले, सर्र सर्र. आणि माणूस रागावला असता तर बरं, पण अठरा दिवस घाम गाळलेला म्हातारा असा पडेल तोंडानं उभा राहिला की कुणालाही पाझर फुटावा. नवऱ्याला फुटला. "तसं बघायला गेलं तर," तो दुकानदाराला म्हणाला, "हेच जरा लहान डब्यात नाही का येणार?"

"लहान डब्यात हे कार्ड मावणार नाही ना साहेब."

"मग लहान कार्ड घाला," काका म्हणाले.

"लहान घालून उपयोग नाही काका. त्यापेक्षा कार्ड नसलेलं बरं."

"मग नसलेलं द्या."

असं झालं बघा. दोन रेघा मारलेली ओळ अशी उडाली. दुकानदार तिच्याकडे बघतोय, ती नवऱ्याकडे बघतेय, नवरा पंख्याकडे बघतोय. "पण चालेल ना?" नवऱ्यानं विचारलं. दुकानदारही शेवटी दुकानदारच, म्हणाला, "चालेल म्हणजे... सुरू होईल." ती हळूच म्हणाली, "काम मला करायचंय यावर." तर नवरा म्हणतो, "अगं, आम्ही कुठं नाही म्हणतोय, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

आला मग तो कपाटाच्या मापाचा कॉम्प्युटर. अगदी खिट्टी बसावी तसा बसला, काकांनी तीनदा आतबाहेर करून दाखवला. मी सुद्धा, आता काय लपवायचं, आनंदाच्या भरात त्याला क्रोशाचं झाकण विणून दिलं, निळं, कडेला पाकळ्या. ती म्हणाली, "काकू, याला वारा लागतो हो." मी म्हटलं, "घे गं, तुझ्यासाठीच तर..." आणि जीभ चावली. पण झाकण दिलंच. इतकं विणलेलं परत कोण नेणार?

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ऊन पाडायला लावलं की आतून असा घों घों आवाज यायचा, की मी माझ्या घरात गॅस बंद आहे का बघून यायची. ती दारं उघडी ठेवायची. काका जाता-येता लावायचे, "धूळ जाते अगं." ती उघडायची, ते लावायचे. भांडण नाही, आवाज नाही, नुसती दारं. आतला पारा चढला की यंत्र आपलं बंद. सतरा दिवस उरले होते, त्यांतले किती असे गेले कोण जाणे. शेवटी तिनं ऊनच काढून टाकलं. सगळं हॉस्पिटल उभं केलं, खाटा, पडदे, पाळणे, आणि बिनउन्हाचं, ढगाळ दिवसासारखं दाखवलं.

डॉक्टरीणबाई घरीच आल्या बघायला. मी पाणी द्यायला म्हणून गेले होते, कुणीतरी हवं ना घरात. बाईंनी सगळं शांतपणे बघितलं. पॅसेज बघितला, खोल्या बघितल्या. म्हणाल्या, "मांडणी फार विचार करून केलीय. बायकांना चालायला कमीत कमी ठेवलंय, हे कुणी केलं नसतं." आणि मग म्हणाल्या, "पण इथं आल्यावर बरं वाटेल असं नाही वाटत हो. अंधारलेलं वाटतं." आता ती काय सांगणार? की बाई, उन्हाचं कार्ड आमच्या कपाटात मावलं नाही?

काम गेलं. एका मोठ्या कंपनीकडे गेलं. आणि बाई भली, तिनं कंपनीला सांगितलं की मांडणी त्या मुलीचीच ठेवा. कंपनीनं नकाशेबाईला नोकरीवरच बोलावलं. म्हणजे हॉस्पिटल तेच, नकाशा तोच, हात हिचाच, आणि पाटीवर नाव पुन्हा त्यांचं. लोक म्हणतात, चांगलंच झालं की, महिन्याचा पगार सुरू झाला. चांगलंच झालं, काय वाईट झालं?

तर हे सगळं मला माहीत होतंच. पण "सासऱ्यानं स्वतःच्या हातानं तिचं..." याच्या पुढचं माहीत नव्हतं ना. म्हणून साखरेची वाटी घेतली, घरात डबाभर साखर होती ती सोडा, आणि गेले समोर. दार उघडंच. बघते तर मिस्त्रीकाका जमिनीवर मांडी घालून बसलेले, हातात पेचकस, आणि कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. मागची फळी कापलेली, चांगला हातभर चौकोन, वारा जायला. मधली फळी काढून खालचा कप्पा उंच केलेला. भुशात बसला होता तो माणूस. माझं निळं झाकण घडी करून बाजूला ठेवलेलं, त्यावर स्क्रू मांडलेले.

नकाशेबाई खांद्याला पिशवी लावून दारातच उभी, सँडल चढवत. नवीन कपडे, केस घट्ट बांधलेले.

काका मान वर न करता म्हणाले, "मोठा बसेल आता. चार बोटं जास्तच ठेवलीत."

तिनं एकदा त्या कपाटाकडे बघितलं. मग सँडलचा पट्टा लावला आणि अगदी मायेनं म्हणाली, "बाबा, आता दारं लावलीत तरी चालेल."

आणि गेली. मी वाटी घेऊन तशीच उभी. काका म्हणाले, "साखर हवी का?" मी म्हटलं, "नको, असू दे."

जिन्यात मावशी भेटल्या, डोळे बारीक करून विचारतात, "काय हो, खरंच गेली का?" मी म्हटलं, अर्धं खरं आहे. सकाळी सव्वानऊला जाते, संध्याकाळी साडेसातला येते. गाठोडं बिठोडं काही नाही, सोबत फक्त डबा. आणि सासऱ्यानं स्वतःच्या हातानं म्हणाल, तर तेही खरं, पण नुसतं कपाट फोडलं. मावशी म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, हो, एवढंच. त्यांचा फार हिरमोड झाला.